निवडणुकीचा खर्च सरकारने उचलला, तर साध्या घरातला माणूस नगरसेवक होईल का?

प्रश्न विचारणारा तरुण सोलापूरच्या विडी घरकुल भागातला, यंत्रमाग कामगाराचा मुलगा. प्रभागात रेशनकार्ड, पेन्शनचे अर्ज, तुंबलेलं ड्रेनेज अशी कामं तो वर्षानुवर्षं करतो आहे. तिकीट मागायला गेला तर मुलाखतीत पहिला प्रश्न आला, ‘किती लावणार?’ त्याचं म्हणणं असं की जर्मनी-अमेरिकेत प्रचाराला सरकार पैसे देतं, मग आपल्याकडे का नाही? आणि दिले, तर त्याच्यासारख्याला वाट मिळेल की तोही पैसा आधीच बसलेलेच खातील?

माझं उत्तर त्या तरुणालाच उद्देशून आहे, ते आधीच सांगतो. सरकारने रोख पैसे वाटले तर वाट मिळणार नाही, उलट बसलेल्यांची बैठक आणखी पक्की होईल. वस्तू आणि सोयींच्या रूपात, प्रभागापासून सुरुवात करून, हिशेब तपासल्यावर मागाहून खर्च परत दिला, तर थोडी मिळेल. थोडीच. कारण ‘किती लावणार’ या प्रश्नातला पैसा आणि सरकार जो भरून देऊ शकतं तो पैसा, हे दोन वेगळे पैसे आहेत. मी कर सल्लागार आहे. निवडणूक आली की उमेदवारांचे खर्चाचे हिशेब लिहून देतो, सगळ्याच पक्षांच्या. त्यामुळे पहिला पैसा कानावर येतो आणि दुसरा हाताखालून जातो.

हाताखालून जातो तो आधी पाहू. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख ही मर्यादा आपल्यासारख्या मोठ्या राज्यांत जानेवारी २०२२ पासून आहे. महापालिकेची मर्यादा राज्य निवडणूक आयोग वेगळी ठरवतो आणि ती बरीच कमी असते. विधानसभा-लोकसभेला उमेदवाराने अर्ज भरण्याआधी स्वतंत्र बँक खातं उघडायचं, दहा हजारांवरचा खर्च चेकने किंवा ऑनलाइन करायचा आणि रोजचा हिशेब आयोगाने दिलेल्या वहीत लिहायचा. वहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे गेला नाही आणि सबळ कारणही दिलं नाही, तर तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते.

वही कागदावर कडक आहे आणि प्रत्यक्षातही बऱ्यापैकी कडक आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘सगळं खोटंच असतं’ असं म्हणून लोक मोकळे होतात. प्रचाराच्या काळात किमान तीनदा वही तपासणीला न्यावी लागते. समोर अधिकाऱ्यांचं शॅडो रजिस्टर, म्हणजे त्यांनी स्वतः ठेवलेली आमच्या खर्चाची समांतर नोंदवही असते. आयोगाचं व्हिडिओ पथक सभेला येतं ते भाषण ऐकायला नव्हे, खुर्च्या मोजायला. मंडप किती बाय किती, स्पीकर किती, एलईडी पडदा आहे का, किती गाड्या आल्या, हलगीवाले किती, गळ्यात पंचे किती. मग जिल्ह्याच्या दरसूचीप्रमाणे त्याची किंमत लावली जाते. दरसूचीत चहाचा कप असतो, वडापाव असतो, पुलावाची प्लेट असते, फेटाही असतो. आमच्या वहीत पाचशे खुर्च्या आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये आठशे, असं झालं की तिथेच हुज्जत सुरू होते. ‘साहेब, मागच्या तीनशे मंडपवाल्याने रचून ठेवल्या होत्या, मांडल्याच नव्हत्या.’ ‘व्हिडिओत मांडलेल्या दिसतात.’ मग व्हिडिओ लावायचा आणि दोघांनी मिळून खुर्च्या मोजायच्या. यात तास-तास जातो.

सोलापुरात एक खर्च असा आहे जो पुण्या-नाशिकच्या माणसाच्या लक्षात येत नाही. इथे एकच पत्रक चालत नाही. मराठी पत्रक शहरभर लागतं, पण साखर पेठ, अशोक चौक, विडी घरकुल इकडे तेलुगू हवं, काही भागांत कन्नड, काही भागांत उर्दू. म्हणजे मजकूर चारदा जुळवायचा, मुद्रितशोधन चारदा, छपाई चारदा. प्रत्येक पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि पत्ता छापणं कायद्याने सक्तीचं आहे. छापखान्याकडून प्रतींचा आकडाही प्रशासनाकडे जातो, त्यामुळे इथे लपवाछपवीला फार जागा नाही. महापालिकेला चार सदस्यांचा प्रभाग असला की आणखी गंमत. १०२ जागांसाठी २६ प्रभाग, बहुतेक ठिकाणी चार-चार उमेदवार एका पक्षाचे. रिक्षा एक, स्पीकर एक, फलकावर चौघांचे फोटो. खर्च चौघांत वाटायचा. त्यातला एक तालेवार असतो, तो तिघांचाही भार उचलतो, पण वहीत मात्र चौघांच्या नावाने सारखा चतकोर लिहिला जातो. बाकीचे तिघे निवडून आले तर पुढची पाच वर्षं ते कोणाच्या शब्दाबाहेर नसतात, हे सांगायला नको. तुमच्यासारख्या उमेदवारासाठी तर हा धोका पैसे नसण्यापेक्षाही मोठा आहे.

आता कानावर येतो तो पैसा. वही सुरू होते अर्ज भरल्याच्या दिवसापासून आणि बंद होते निकालाच्या दिवशी. त्याआधीचा बहुतेक खर्च कायद्याच्या नजरेत येतच नाही. सोलापूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक होते आणि मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत. मधल्या जवळपास चार वर्षांत इच्छुकांनी गणपती, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती, मार्कंडेय रथोत्सव यांतलं काय सोडलं? प्रत्येक मंडळाची वर्गणी, मंडपावर फोटो, मिरवणुकीला डीजे, पाणी आलं नाही की टँकर, कोणाच्या घरी मयत झालं की सामान, दहावीच्या मुलांना वह्या, बायकांना देवदर्शनाच्या बस. निवडणूक लांबली म्हणून खर्च वाचला नाही, चार वर्षं तो चालूच राहिला. ज्याच्याकडे प्लॉटिंगचा धंदा किंवा ठेकेदारी होती तो टिकला आणि बाकीचे दुसऱ्याच वर्षी गळाले. त्यानंतर मतदानाच्या आधीची रात्र येते. तिच्याबद्दल मी लिहिण्याची गरज नाही, तुम्ही त्याच गल्लीत राहता.

शिवाय ‘बूथ खर्च’. मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्राबाहेर टेबल, खुर्च्या, मतदार यादी घेऊन बसणारी पोरं, त्यांचा नाश्ता-जेवण, दुचाकींचं पेट्रोल, म्हाताऱ्यांना आणायला रिक्षा. वहीत दाखवतात तो एक आकडा. कार्यकर्त्यांच्या हातात पडतो तो दुसरा.

म्हणून मी म्हणतो की रोख अनुदान म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सरकारने उद्या उमेदवाराला पाच लाख दिले तर त्यातून पत्रकं, रिक्षा, मंडप निघेल. त्यामुळे तालेवार उमेदवाराचे तेवढेच पाच लाख मोकळे होतील आणि ते कुठे जातील हे उघड आहे. निवडणूक आयोगाचा सरकारी निधीला जो जुना विरोध आहे, त्याचं कारण नेमकं हेच: सरकारच्या पैशाव्यतिरिक्त उमेदवाराने आणि इतरांनी केलेला खर्च थांबवता येत नसेल, तर सरकारी पैसा फक्त वरची भर ठरतो.

यात पक्षाचा खर्च तर आणखी निराळा. उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला नाही. हे आपोआप झालेलं नाही. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की उमेदवाराच्या संमतीने पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरला पाहिजे. सरकारने आधी अध्यादेश आणि मग कायदा करून तो निकालच निकामी केला. पक्षाचा आणि मित्रमंडळींचा खर्च मर्यादेबाहेर गेला. आपल्या राज्यातलंच उदाहरण हवं असेल तर १९९१ च्या अहमदनगर लोकसभेचा विखे-गडाख खटला घ्या. त्यातही सर्वोच्च न्यायालयाने नमूद केलं, की मर्यादा फक्त उमेदवाराला आहे आणि पक्षाचा खर्च जाळ्याबाहेर सुखरूप आहे. २००३ मध्ये मित्र-हितचिंतकांची वाट बंद केली, पण स्टार प्रचारकांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार बाहेरच राहिला. मान्यताप्राप्त पक्षाला ४० स्टार प्रचारक. होम मैदानावर मोठ्या नेत्याची सभा असते तेव्हा उमेदवार व्यासपीठावर बसला किंवा फलकावर त्याचं नाव-फोटो आला, तर सभेचा खर्च त्याच्या अंगावर पडतो. नाही आला, तर पक्षाच्या. म्हणून कधीकधी एवढ्या मोठ्या मंडपात फक्त चिन्ह आणि नेत्याचा चेहरा दिसतो, आणि आपल्या मतदारसंघातून उभा कोण आहे तेच कळत नाही. आमच्या धंद्यात ही नियोजनाची बाब आहे, यात कोणाला वावगं वाटत नाही.

समित्या भरपूर झाल्या. १९९० ची दिनेश गोस्वामी समिती, १९९८ ची इंद्रजित गुप्ता समिती, विधी आयोगाचे १९९९ आणि २०१५ चे अहवाल. सगळ्यांचा एकंदर सूर असा, की पूर्ण खर्च सरकारने उचलणं आज झेपणारं नाही, काही अंशी आणि तोही वस्तूंच्या रूपात द्यावा. इंद्रजित गुप्ता समितीने केंद्राचे वर्षाला ६०० कोटी आणि सगळ्या राज्यांचे मिळून तेवढेच, असा निधी सुचवला होता. त्यातून इंधन, कागद, मतदार याद्या, ध्वनिक्षेपक, पक्षांना कार्यालयाची जागा, दूरध्वनी. गुप्ता स्वतः जुने कम्युनिस्ट खासदार, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण समितीने अपक्षांना त्यातून वगळलं आणि फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्य पक्षांनाच लाभ ठेवला. लोकसभेसाठी ते एक वेळ पटेल, कारण नाहीतर पैशासाठी अपक्षांची जत्रा भरेल. महापालिकेच्या प्रभागात मात्र तिकीट न मिळालेला कामाचा माणूस अपक्ष म्हणूनच उभा राहतो. त्यालाच वगळलं तर योजना कोणासाठी राहिली?

आणि सरकार आज काहीच देत नाही असंही नाही. मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर मोफत वेळ मिळतो, त्यांच्या उमेदवारांना मतदार यादी मोफत मिळते, पक्षाचं उत्पन्न हिशेब आणि विवरणपत्र वेळेत दिलं तर करमुक्त असतं. मतदार चिठ्ठ्या पूर्वी उमेदवारांची पोरं रात्र-रात्र जागून लिहायची, आता बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या पातळीवरचे सरकारी कर्मचारी, घरोघर आणून देतात. यातून एक शिकण्यासारखी गोष्ट निघते. सरकारी चिठ्ठ्या आल्या म्हणून उमेदवारांनी चिठ्ठ्या वाटणं बंद केलं का? नाही. कारण चिठ्ठी हे निमित्त होतं, दारात जाऊन नमस्कार करणं हा हेतू. सरकारने वस्तू पुरवली म्हणजे ती गरज संपते, असं गृहीत धरणाऱ्या योजना म्हणून फसतात.

सरकारी मदतीचा एक प्रकार तर माझ्या टेबलावर दरवर्षी येतो. राजकीय पक्षाला चेकने किंवा ऑनलाइन देणगी दिली तर जुन्या करपद्धतीत पूर्ण रकमेची वजावट मिळते. म्हणजे तुमच्या देणगीतला तीस टक्क्यांपर्यंतचा वाटा सरकारच सोसतं. कल्पना चांगली आहे. प्रत्यक्षात मार्च उजाडला की पगारदार माणसं येतात आणि विचारतात, ‘पक्षाला देणगी दाखवू का? मित्राने दाखवली.’ कुठला पक्ष, तर ज्याचं नाव त्यालाही नीट सांगता येत नाही. नोंदणीकृत पण मान्यता नसलेला कुठला तरी पक्ष. चेक घेतो, कमिशन कापतो आणि उरलेली रक्कम रोखीत परत करतो. अशा पक्षांवर आयकर खात्याने सप्टेंबर २०२२ मध्ये देशभर छापे घातले, पुढे देणगीदारांनाही नोटिसा गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने ३३४ नोंदणीकृत पक्ष यादीतून काढले, कारण सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले हे पक्ष पत्त्यावरही सापडत नव्हते. ‘सरकारने पक्षांना पैसे द्यावेत’ असं म्हणणाऱ्यांनी आधी हा बाजार पाहावा. सरकारी पैशाचा वास आला की आपल्याकडे आधी पक्ष जन्माला येतात, कार्यकर्ते नंतर.

निवडणूक रोख्यांबद्दल, म्हणजे नाव जाहीर न होता बँकेतून रोखा घेऊन पक्षाला देणगी देण्याच्या योजनेबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण तो धागा सोडता येत नाही. २०१८ ते २०२४ या काळात सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले आणि मूल्याने ९० टक्क्यांहून अधिक रक्कम एक-एक कोटीच्या रोख्यांतून आली. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ती योजना घटनाबाह्य ठरवली. एक कोटीचा रोखा सोलापूरच्या चादर कारखानदारालाही परवडत नाही, विडी कामगाराचं तर नावच नको. रोखे गेले, तरी वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षाने आयोगाला कळवायची गरज नाही ही तरतूद आहेच. रोखीत एका माणसाकडून दोन हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही म्हणतात, पण दोन हजारांची पावती कितीदाही फाडता येते.

आता परदेश. जर्मनीत पक्षांना सरकारी पैसा मिळतो, पण त्याला एक खुंटी आहे. पक्षाने स्वतः लोकांकडून जेवढं उत्पन्न मिळवलं, त्यापेक्षा सरकारी रक्कम जास्त असू शकत नाही. देणगी आणि सदस्यवर्गणीच्या प्रत्येक युरोमागे सरकार ४५ सेंट देतं, तेही एका माणसाच्या वर्षाच्या ३,३०० युरोपर्यंतच्या रकमेवर. म्हणजे सदस्य जमवले नाहीत, तर सरकारही देत नाही. २०१८ मध्ये तिथल्या सत्ताधारी पक्षांनी एकूण मर्यादा १९ कोटी युरोपर्यंत वाढवून घेतली, तेव्हा घटनात्मक न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत ती वाढ रद्द केली. सत्तेतले पक्ष स्वतःसाठी पैसे मंजूर करायला बसले की कुठेही हात आखडत नाही.

अमेरिकेत अध्यक्षीय उमेदवारांसाठी १९७६ पासून सरकारी निधी आहे. करदात्याने विवरणपत्रात खूण केली की तीन डॉलर त्या निधीत जातात. अट अशी की निधी घेतला तर खर्चाची मर्यादा पाळायची. २००८ मध्ये ओबामांनी निधी नाकारला, बाहेरून कितीतरी पट पैसा उभा केला आणि जिंकले. त्यांच्याविरुद्ध निधी घेणारे मॅकेन ८.४ कोटी डॉलरवर अडकले. त्यानंतर मोठ्या पक्षांच्या कुठल्याच उमेदवाराने सर्वसाधारण निवडणुकीसाठी तो निधी घेतलेला नाही. मर्यादा ऐच्छिक ठेवली की ती फक्त गरीब उमेदवार पाळतो.

न्यूयॉर्क शहराची योजना मात्र आपल्या विषयाच्या जवळची आहे, कारण ती शहराच्या निवडणुकीसाठी आहे. शहरातल्या रहिवाशाने दिलेल्या छोट्या देणगीवर महापालिका आठपट रक्कम घालते. नगरसेवकपदाचा उमेदवार दारोदार दहा-दहा डॉलर मागत फिरतो, कारण त्याचे नव्वद होतात. यातला भाव मला आवडतो, आकडा आवडत नाही. आठपट म्हटलं की खोटे देणगीदार आलेच. डिसेंबर २०२४ मध्ये हा निधी देणाऱ्या तिथल्या मंडळाने तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांना तो नाकारला, त्यामागे दुसऱ्यांच्या नावावर दिलेल्या देणग्यांचेच आरोप होते. आपल्याकडे आठपट जाहीर झाली, तर दुसऱ्याच दिवशी प्रत्येक कार्यकर्ता पन्नास बायकांच्या हातात पाचशेची नोट देऊन त्यांच्याच फोनवरून यूपीआय करवून घेईल.

सोलापूरला लोकवर्गणीची निवडणूक नवीन नाही, हे नव्या पिढीला माहीत नसतं. गिरण्या आणि विडी कारखान्यांच्या या गावात कामगार संघटनांनी वर्गणीवर उमेदवार उभे केले. नरसय्या आडम मास्तर तीनदा आमदार झाले, ते काही प्लॉटिंगच्या पैशावर नव्हे. त्यांच्या पक्षाने, माकपने, निवडणूक रोखे घेतले नाहीत, एवढंच नव्हे तर रोख्यांविरुद्धच्या याचिकाकर्त्यांत तो होता. मी त्यांचा मतदार नाही आणि त्यांच्या अर्थकारणाशी माझं फारसं जुळत नाही. पण उमेदवाराचा पैसा त्याच्या मतदारांकडूनच आला की तो निवडून आल्यावर कोणाला बांधील राहतो, हे या शहराने डोळ्यांनी पाहिलं आहे. गिरण्या बंद पडल्या, कामगार विखुरले आणि वर्गणी देणारी रांगच आखडली. सरकारी योजनेला काही करायचं असेल तर ही रांग परत उभी राहील असं काहीतरी करावं.

माझ्या हातात असतं तर मी काय केलं असतं? पहिलं म्हणजे, महापालिकेच्या शाळांची मैदानं आणि सभागृहं, समाजमंदिरं, प्रचाराच्या काळात सगळ्या उमेदवारांना मोफत, पाळीपाळीने. दुसरं, प्रत्येक घरी एक पुस्तिका, तीत त्या प्रभागातल्या प्रत्येक उमेदवाराला एक पान: फोटो, काम, शपथपत्रातली मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती. सोलापुरात ती मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दूत हवी. अपक्षालाही तेवढंच पान. छपाईचा सगळ्यात मोठा बोजा यातून उतरतो, आणि ज्याचं पान वाचण्यासारखं नाही त्याची पंचाईत होते. फलकही ठरावीक जागी, सगळ्यांचे सारख्या मापाचे.

तिसरी गोष्ट रोखीची, आणि ती निकालानंतर. कॅनडात दहा टक्के मतं मिळवणाऱ्या उमेदवाराला त्याच्या वैध खर्चाचे साठ टक्के परत मिळतात, हिशेब तपासल्यावर. आपल्याकडे हिशेब न देण्याची शिक्षा आहे, चोख दिल्याचं बक्षीस नाही. खर्च परत मिळणार असेल तर उमेदवार स्वतःहून बिलं मागेल, जीएसटीसकट. आज मंडपवाला ‘कच्चं की पक्कं?’ असं विचारतो आणि उमेदवार ‘कच्चं’ म्हणतो. या बदलाचा फायदा मला, म्हणजे आमच्या धंद्याला, होईल हे मान्य. छोट्या देणगीवर भर घालायची तर एकास एक, त्याहून जास्त नाही. देणगीदार त्याच प्रभागाच्या मतदार यादीतला, रक्कम फक्त त्याच्याच खात्यातून, आणि नावं संकेतस्थळावर रोजच्या रोज.

पैसा कुठून? समजा एका जागेला पाच उमेदवार पात्र ठरले आणि प्रत्येकाला सरासरी तीन लाख गेले, तर १०२ जागांचे पंधरा कोटींच्या वर होतात. वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाला पाणी पाहिलेल्या शहरात कोणी म्हणेल, की पाइपलाइन टाका, उमेदवारांना कशाला? हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. माझं उत्तर एवढंच, की ही रक्कम महापालिकेच्या तिजोरीतून नको, राज्याकडून हवी, आणि पाच वर्षांतून एकदाच लागेल. सिएटल शहराने मालमत्ता करातून मतदारांना पंचवीस डॉलरची चार कुपनं वाटली, आवडेल त्या उमेदवाराला द्या म्हणून. आपल्याकडे मालमत्ता करातून हे केलं तर कर भरणारे तेवढेही भरायचे बंद होतील.

पण या सगळ्याच्या आधी पक्षाच्या खर्चाला मर्यादा हवी आणि वही अर्ज भरल्यापासून नव्हे, आधीच्या निदान सहा महिन्यांपासून सुरू व्हायला हवी. या दोन गोष्टी होणार नसतील तर वरचं काहीही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गणपतीच्या मंडपावरचा फोटो मोजला जात नाही तोवर पुस्तिकेचं एक पान फार काही करू शकत नाही.

मग तुम्ही उभं राहावं का? कायदा बदलायची वाट पाहू नका, त्यात तुमची चाळिशी उलटेल. आजच्या नियमांतही लोकवर्गणीवर लढता येतं, फक्त पहिल्या दिवसापासून व्यवस्थित करा. तिघांचा खर्च उचलणाऱ्या तालेवाराच्या पॅनेलमध्ये जायचं असेल, तर तुमच्या वाट्याची रक्कम तुमच्या खात्यातून आधी त्याच्या खात्यात जाऊ द्या आणि त्याची नोंद दोघांच्या वहीत असू द्या. शंभर-दोनशे रुपयांची देणगी असली तरी पावतीपुस्तक क्रमांकित ठेवा आणि मागचं पान स्वतःकडे ठेवा. रिक्षा, स्पीकर, पत्रकं यांची तीन-तीन ठिकाणची कोटेशन आधी घ्या, म्हणजे दरसूचीतला दर तुमच्या खऱ्या खर्चापेक्षा जास्त लावला गेला तर बिलाच्या जोरावर भांडता येईल. हिशेब लिहायला घरातलाच पण वेगळा माणूस नेमा, प्रचारात फिरणारा नको, कारण फिरणाऱ्याच्या खिशात बिलं भिजतात. बहीण बीकॉम असेल तर उत्तम. बँक खातं मात्र नवीनच उघडा, निवडणुकीसाठी वेगळं. जनधनचं किंवा पगाराचं खातं वापरायला गेलात तर तपासणीत पहिल्याच दिवशी अडाल, आणि यूपीआयचा क्यूआर त्याच नव्या खात्याचा छापून घ्या, भावाच्या फोनचा नको.